घाम येतो, पण वाळतो का? घर्मग्रंथी आणि शरीराचे तापमान यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होळी झाली की नाशिकमध्ये रस्त्याच्या कडेला माठांच्या उतरंडी दिसू लागतात, आणि साधारण त्याच सुमारास मला घामाविषयीचे प्रश्न विचारले जाऊ लागतात. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, त्यामुळे विद्यार्थ्यांचे प्रश्न तर असतातच. पण लग्नाच्या पंगतीत, बस थांब्यावर आणि सोसायटीच्या गच्चीवरही तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांतले नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत.

शरीरात उष्णता मुळात येते कुठून?

अन्नातून मिळालेल्या ऊर्जेचा बहुतेक भाग शेवटी उष्णतेच्याच रूपात बाहेर पडतो. निवांत बसलेले प्रौढ माणूस जुन्या पिवळ्या १०० वॉटच्या बल्बइतकी, म्हणजे तासाला सुमारे ८५ किलोकॅलरी उष्णता सतत निर्माण करत असते. स्नायू काम करू लागले की हा आकडा कित्येक पटींनी वाढतो, कारण स्नायूंनी खर्च केलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाचवा ते चौथा भाग प्रत्यक्ष कामात उतरतो आणि उरलेल्या भागाची उष्णता होते.

ही उष्णता बाहेर गेली नाही तर काय होईल, याचा हिशोब सोपा आहे. ६० किलो वजनाच्या शरीराचे तापमान १ अंशाने वाढायला साधारण ५० किलोकॅलरी पुरतात. म्हणजे बाहेर पडण्याच्या सगळ्या वाटा बंद झाल्या, तर नुसते खुर्चीत बसलेल्या माणसाचेही तापमान अर्ध्या-पाऊण तासात १ अंशाने चढेल. द्राक्षबागेत काढणीला वाकलेल्या किंवा अंबड-सातपूरच्या एखाद्या शेडमध्ये भट्टीसमोर उभ्या असलेल्या माणसाला तर त्यासाठी काही मिनिटेच लागतील.

तापमानावर लक्ष कोण ठेवते?

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग असतो. त्याच्यापर्यंत येणाऱ्या रक्ताचे तापमान त्याला थेट कळते, आणि त्वचेतील चेतातंतू बाहेरची वर्दी त्याला देत राहतात. तापमान ठरलेल्या पातळीच्या वर जाऊ लागले की तो प्रथम त्वचेतील रक्तवाहिन्या रुंद करतो. एरवी त्वचेतून मिनिटाला पाव लिटरच्या आसपास रक्त फिरते. कडक उष्म्यात हे प्रमाण ६ ते ८ लिटरपर्यंत जाऊ शकते. उन्हातून आलेल्या माणसाचा चेहरा लालबुंद दिसतो तो यामुळेच. एवढ्याने भागले नाही की घर्मग्रंथींना हुकूम जातो.

३७ अंश हा आकडा मात्र दगडावरची रेघ समजू नये. जर्मन वैद्य कार्ल वुंडरलिश यांनी १८६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोठ्या अभ्यासातून तो रूढ झाला. प्रत्यक्षात निरोगी माणसाचे तापमान पहाटे कमी आणि सायंकाळी जास्त असते, आणि दिवसभरात ते अर्धा-एक अंश सहज हलते.

घाम आल्यावर गार का वाटते?

घाम आल्यामुळे गार वाटत नाही, घाम वाळल्यामुळे वाटते. या पानावरचे एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर ते हे ठेवावे, कारण पुढची बहुतेक उत्तरे त्यातूनच निघतात.

इंजेक्शन देण्याआधी परिचारिका दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवते तेव्हा तेवढी जागा एकदम गार पडते. बाटलीतले स्पिरिट काही थंड नसते. ते उडून जाताना लागणारी उष्णता त्वचेतून घेते. माठाचेही तेच. नवा माठ दोन-तीन दिवस मुरला की त्याच्या पोटावर बारीक ओल दिसू लागते. बोट फिरवले तर ते ओले होते, आणि जेथे खिडकीचा वारा लागतो त्या बाजूची माती हाताला जास्त गार लागते. पाझरलेले पाणी वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. माठाला बाहेरून तेलकट रंग दिला तर त्याची छिद्रे बुजतात आणि पाणी गार होत नाही, हे ज्यांनी शोभेसाठी रंगवलेला माठ घेतला आहे त्यांना अनुभवाने ठाऊक असेल. गेल्या वर्षी मीही तो घेतला होता.

त्वचेवरून १ लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. मघाच्या हिशोबाला हे लावून पाहिले तर निवांत माणसाची तासाभराची सगळी उष्णता न्यायला दीडशे मिलिलिटर, म्हणजे लहान पेलाभर घाम वाळला तरी पुरतो. उन्हात कष्टाचे काम करणाऱ्याला मात्र तासाला लिटरभर किंवा त्याहून अधिक घाम येऊ शकतो.

उष्णता शरीराबाहेर जाण्याच्या इतरही वाटा आहेत. ती त्वचेतून आसपासच्या वस्तूंकडे प्रारणाने जाते, टेकलेल्या गार फरशीत जाते, वाऱ्याबरोबर जाते. परंतु त्वचेचे तापमान ३३ ते ३५ अंश असते, आणि हवा त्याहून तापली की या वाटांनी उष्णता उलट आत येऊ लागते. एप्रिलच्या दुपारी नाशिकचा पारा ३९-४० ला टेकतो तेव्हा बाहेर जाणारी एकच वाट उरते, ती बाष्पीभवनाची.

ती वाट किती मोठी आहे याचे जुने आणि काहीसे गमतीचे प्रमाण लंडनमध्ये मिळाले. १७७४ साली चार्ल्स ब्लॅग्डेन आणि त्यांचे सहकारी पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षाही जास्त तापवलेल्या, कोरड्या हवेच्या खोलीत काही मिनिटे राहून आले. त्याच हवेत ठेवलेली अंडी आणि मांस शिजले. माणसे धडधाकट बाहेर आली. मृत मांस आणि जिवंत माणूस यांच्यातला फरक त्वचेवर वाळणाऱ्या घामाने केला होता.

मग नाशिकच्या ३९ अंशांपेक्षा मुंबईचे ३३ अंश असह्य का वाटतात?

कारण मुंबईत घाम वाळत नाही, गळतो. हवेत आधीच भरपूर बाष्प असेल तर त्वचेवरच्या पाण्याला उडून जायला वाव राहत नाही. थेंब गालावरून, पाठीवरून ओघळून जमिनीवर पडतो, आणि अशा थेंबाने शरीरातील पाणी व मीठ तेवढे जाते, उष्णता जवळजवळ जात नाही. नाशिकहून सकाळच्या गाडीने दादरला उतरणाऱ्या माणसाला पुलाच्या पायऱ्या चढेपर्यंत सदरा पाठीला चिकटल्याचे जाणवते, आणि तो म्हणतो की मुंबईत घाम जास्त येतो. वास्तविक नाशिकच्या उन्हातही त्याला पुष्कळ घाम येत असतो. तो येता येता वाळून जातो, म्हणून दिसत नाही. सायंकाळी गडद रंगाच्या शर्टावर पांढरे खाऱ्याचे वर्तुळ दिसते, तेवढाच त्याचा पुरावा उरतो.

कोरड्या हवेचा धोका येथेच आहे. घाम दिसला नाही म्हणजे पाणी गेले नाही, असा समज होतो, आणि तहान लागेपर्यंत माणूस पाणी पीत नाही.

उष्मा मोजताना म्हणूनच केवळ पारा पाहून चालत नाही. थर्मामीटरच्या टोकाला ओले फडके गुंडाळून त्यावर वारा घातला की जे तापमान दिसते त्याला ओल्या फुग्याचे तापमान म्हणतात, आणि घाम कितपत काम करील याचा अंदाज त्यावरून येतो. हे तापमान ३५ अंशांना पोहोचले तर सावलीत, पंख्याखाली, कितीही पाणी प्यायलेला निरोगी माणूसही फार तास तग धरू शकत नाही, असे तत्त्वतः मानले जाते. प्रयोगशाळेत तरुण व निरोगी माणसांवर केलेल्या मोजमापांत तर दमट हवेतली ही मर्यादा ३१ अंशांच्या आसपासच आढळली आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथील मोकळ्या मैदानावरच्या कार्यक्रमात उष्माघाताने माणसे दगावली, तेव्हा पारा खानदेशाच्या उन्हाळ्याच्या मानाने फार चढलेला नव्हता. दमट हवा, डोक्यावर ऊन आणि तासन्‌तास एका जागी बसून राहणे हे तिन्ही एकत्र आले होते.

कूलर पावसाळ्यात का चालत नाही?

कारण तोही घामाच्याच तत्त्वावर चालतो. मे महिन्यात ओल्या वाळ्यातून आलेली हवा खोली गार करते; जुलैत तोच कूलर खोलीत ओल भरतो, आणि आपला घामही वाळेनासा होतो.

शरीरावर घर्मग्रंथी किती असतात, आणि त्या सगळ्या सारख्याच असतात का?

त्यांची संख्या २० ते ४० लाखांच्या घरात असते आणि ती जन्माआधीच ठरते. सगळ्या मात्र सारख्या नसतात. बहुसंख्य ग्रंथी एक्राइन प्रकारच्या असतात: त्वचेच्या खोल थरात वेटोळे घातलेली एक सूक्ष्म नळी, जी वर येऊन थेट त्वचेवर उघडते. शरीर गार ठेवण्याचे काम याच ग्रंथींचे आहे. दुसरा प्रकार अपोक्राइन. या ग्रंथी काखेत आणि जांघेत असतात, केसांच्या मुळाशी उघडतात, आणि वयात येताना कामाला लागतात. तापमानाशी त्यांचा फारसा संबंध नाही.

परीक्षेच्या किंवा मुलाखतीच्या वेळी तळहातांनाच घाम का सुटतो?

तळहात आणि तळपाय येथे एक्राइन ग्रंथी सर्वांत दाट असतात, पण त्या उष्म्यापेक्षा मनाच्या ताणाला अधिक तत्परतेने प्रतिसाद देतात. किंचित ओलसर हाताची पकड चांगली बसते, म्हणून झाडावर वावरणाऱ्या पूर्वजांना संकटाच्या वेळी हा घाम उपयोगी पडत असावा, असे स्पष्टीकरण दिले जाते. उत्तरपत्रिकेच्या कागदावर मात्र त्याचा उपयोग होत नाही.

काहींचे तळहात कारण नसताना इतके ओले राहतात की लिहिणे आणि मोबाइल हाताळणे अवघड होते. हा स्वभावाचा दोष नव्हे, अतिस्वेद नावाचा विकार आहे, आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे त्यावर अनेक उपाय असतात.

घामाला वास कशाने येतो?

ताज्या घामाला वास जवळजवळ नसतोच. काखेतल्या अपोक्राइन स्रावातील पदार्थांवर त्वचेवरचे जिवाणू वाढतात आणि त्यांतून वासाचे पदार्थ तयार होतात. दहा वर्षांच्या मुलाच्या घामाला वास येत नाही आणि चौदाव्या वर्षी येऊ लागतो, त्याचे कारण हेच. डिओडरंट वास झाकते किंवा जिवाणूंना आवरते. अँटीपर्स्पिरंटमधील ॲल्युमिनियमचे क्षार ग्रंथींची तोंडे तात्पुरती बुजवतात. काखेपुरता घाम थांबल्याने शरीराच्या तापमानाचे काही बिघडत नाही.

घाम खारट का असतो? उन्हातून आल्यावर नुसते पाणी पुरते का?

ग्रंथीच्या तळाशी तयार होणारा द्रव रक्तरसाइतकाच खारट असतो. तो नळीतून वर येत असताना नळीच्या भिंती त्यातील बरेचसे सोडियम आणि क्लोराइड परत शोषून घेतात, म्हणून बाहेर येणारा घाम त्या मानाने सौम्य असतो. घाम फार वेगाने येऊ लागला की या भिंतींना तेवढी सवड मिळत नाही आणि तो जास्त खारट होतो. सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजारात ही परतफेडच बिघडलेली असते. बाळाचा पापा घेतल्यावर ते खारट लागते ही आयांची तक्रार आणि घामातील क्लोराइड मोजण्याची तपासणी, दोन्हींच्या मुळाशी हाच बिघाड आहे.

लिटरभर घामाबरोबर साधारण दोन ग्रॅमच्या आसपास मीठ जाते, कोणाचे कमी तर कोणाचे याच्या दुप्पट. दिवसभर घरात किंवा कार्यालयात बसणाऱ्याला नेहमीच्या जेवणातून ते परत मिळते, त्याने मुद्दाम मीठ खाऊ नये. रक्तदाब असलेल्याने तर मुळीच नाही. मात्र जो सकाळपासून उन्हात कांदा काढतो आहे किंवा चैत्रात खानदेशातून सप्तशृंगी गडाकडे पायी निघाला आहे, त्याने नुसतेच पाणी पीत राहणे चुकीचे ठरते. पाण्याने रक्तातील सोडियम पातळ होते, पायांत गोळे येतात, आणि प्रमाण फार ढळले तर डोके दुखणे, उलट्या आणि झटके येण्यापर्यंत मजल जाते. मीठ घातलेले ताक, लिंबाचे सरबत, गूळ-मिठाचे पन्हे यांमागचे शहाणपण येथे कामी येते.

ओआरएसची पुडी याच कामासाठी उत्तम, फक्त ती पुडीवर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात, बहुधा १ लिटरमध्ये, एकदम कालवावी. अर्धी पुडी अंदाजाने पेल्यात टाकू नये. तिच्यातील साखर चवीसाठी नसते. आतड्याच्या भिंतीतून ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी ओढले जाते. १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांसाठी हेच मिश्रण मोठ्या प्रमाणावर वापरून अनेकांचे प्राण वाचवले.

शेतात राबणाऱ्याला जे ऊन सोसते ते आपल्याला का सोसत नाही?

सवयीने शरीर खरोखरच बदलते. रोज तास-दोन तास उन्हात श्रम केले तर आठवड्या-दोन आठवड्यांत घाम लवकर सुरू होऊ लागतो, जास्त येतो, आणि त्यातील मीठ कमी होते. रक्तातील पाण्याचा अंश वाढतो आणि त्याच कामाला हृदयाचे ठोके कमी पडतात. ही कमाई टिकाऊ नसते. दोन-तीन आठवडे वातानुकूलित खोलीत काढले की ती बरीचशी ओसरते. म्हणून कामावर नव्याने रुजू झालेला किंवा सुटीवरून परतलेला मजूर पहिल्या आठवड्यात अधिक धोक्यात असतो, आणि ठेकेदाराने त्याला पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी देऊ नये.

ताप आल्यावर थंडी वाजते आणि ताप उतरताना घाम येतो, हे उलटे कसे?

ते उलटे नाही, मेंदूच्या हिशोबाने अगदी सुलटे आहे. संसर्ग झाला की शरीरात प्रोस्टाग्लँडिन ई-२ हे द्रव्य तयार होते आणि ते हायपोथॅलॅमसमधली ठरलेली पातळीच वर सरकवते, समजा ३९ अंशांवर. त्या क्षणी शरीर ३७ वर असते, म्हणजे मेंदूच्या लेखी ते गार पडलेले असते. त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात, हुडहुडी भरते, स्नायू थरथरून उष्णता निर्माण करतात आणि रुग्ण दुसरी गोधडी मागतो. पॅरासिटामॉलने किंवा आजार ओसरल्याने पातळी पुन्हा ३७ वर आली की आता ३९ वर असलेले शरीर फाजील तापलेले ठरते, आणि घाम फुटतो. घाम आला म्हणून ताप उतरला असे आपण म्हणतो. खरे म्हणजे ताप उतरवायचे ठरले म्हणून घाम आला. रुग्णाला घाम यावा यासाठी त्याच्यावर गोधड्या रचल्याने काही साधत नाही.

उष्माघातात मात्र पातळी ३७ वरच असते आणि शरीर नाइलाजाने तापत जाते. तेथे पॅरासिटामॉल निरुपयोगी असते.

उष्माघात कसा ओळखावा आणि प्रथम काय करावे?

उन्हाने थकवा, मळमळ, डोकेदुखी आणि भोवळ येते, परंतु माणूस नीट बोलतो, तोपर्यंत त्याला सावलीत आडवे करून, कपडे सैल करून, घोट घोट पाणी-मीठ-साखर देऊन बहुधा सावरता येते. माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, झटका आला किंवा शुद्ध हरपली, आणि अंग भाजत असले, की तो उष्माघात समजावा. आतले तापमान अशा वेळी ४० अंशांच्या वर गेलेले असते. त्वचा कोरडीच असली पाहिजे असे नाही. श्रमाने आलेल्या उष्माघातात माणूस घामाने निथळत असू शकतो, आणि घाम येतोय म्हणजे बरा आहे, या समजुतीने मोलाची मिनिटे जातात.

१०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, पण ती येईपर्यंत हात बांधून उभे राहू नये. थंड पाण्याच्या हौदात किंवा टाकीत गळ्यापर्यंत बसवून डोके धरून ठेवणे हा सर्वांत जलद उपाय आहे. ते शक्य नसेल तर अंगावर सतत पाणी ओतून जोराने वारा घालावा, मान, काखा आणि जांघा येथे बर्फाच्या पिशव्या ठेवाव्यात. अर्ध्या तासाच्या आत तापमान खाली आणणे हे रुग्णालयात लवकर पोहोचण्याइतकेच, किंबहुना त्याहून महत्त्वाचे असते. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

खिशात कांदा ठेवला तर ऊन लागत नाही, हे खरे का?

लासलगावच्या जिल्ह्यात बसून हे लिहिणे धाडसाचे आहे, पण खिशातल्या कांद्याचा शरीराच्या तापमानावर परिणाम होण्याचा कोणताही मार्ग नाही. तो भाकरीबरोबर खावा. खिशात ठेवायचीच असेल तर ओआरएसची पुडी ठेवावी, आणि डोक्याला उपरणे ओले करून बांधावे.

घाम गाळल्याने शरीरातील विषारी द्रव्ये निघून जातात का?

ते काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. घामात ९९ टक्के पाणी असते.

घामोळे का येते?

घर्मनळीचे तोंड बुजले की घाम त्वचेतच साचतो आणि बारीक, टोचणारे पुरळ उठते. लहान बाळांना ते लवकर येते, कारण त्यांच्या नळ्या अरुंद असतात आणि आपण त्यांना गरजेपेक्षा जास्त गुंडाळतो. पावडरचा जाड थर ही तोंडे आणखी बुजवतो. सुती, सैल कपडे, गार पाण्याने अंघोळ आणि वारा एवढे बहुतेक वेळा पुरते.

वृद्धांना आणि काही औषधे घेणाऱ्यांना अधिक जपावे लागते, ते का?

वयानुसार प्रत्येक ग्रंथीतून येणारा घाम कमी होतो, त्वचेकडे रक्त वळवण्याची हृदयाची ताकद घटते आणि तहानेची जाणीव बोथट होते. आजी ‘मला तहान नाही’ म्हणतात तेव्हा त्या खरेच सांगत असतात; पाणी तरीही हवे असते. रक्तदाबासाठी दिलेल्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी पाणी आणि मीठ दोन्ही जातात. घर्मग्रंथींना मेंदूचा निरोप ॲसिटिलकोलीन या द्रव्यामार्फत पोहोचतो, त्यामुळे हे द्रव्य अडवणारी औषधे, उदाहरणार्थ मूत्राशयाच्या किंवा मनोविकारांच्या काही गोळ्या, घामही अडवतात. अशी औषधे स्वतःहून बंद करू नयेत. उन्हाळ्याआधी डॉक्टरांना एकदा विचारून घ्यावे.

निफाडच्या थंडीत शरीर काय करते?

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा अनेकदा राज्यातला नीचांक गाठतो, तेव्हा हीच यंत्रणा उलट दिशेने चालते. त्वचेकडचे रक्त आवरले जाते, म्हणून बोटे पांढुरकी आणि गार पडतात. मग स्नायू थरथरू लागतात. अंगावर काटा येतो तो मात्र आता नावापुरताच उरला आहे. दाट केस असलेल्या प्राण्यात तो केस उभे करून उबदार हवेचा थर धरून ठेवतो. आपल्याकडे तेवढे केसच नाहीत.

इतर प्राण्यांना असा घाम येतो का?

घोड्याला भरपूर येतो. कुत्र्याच्या अंगावर तापमान आवरण्याजोग्या घर्मग्रंथी नसतात, म्हणून तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि तोंडातली ओल वाळवतो. म्हशीच्या कातडीत गाईच्या मानाने घर्मग्रंथी फार विरळ असतात, शिवाय काळी कातडी ऊन शोषून घेते. त्यामुळे दुपारी ती डबक्यात डुंबते आणि अंगावर चिखल घेऊन बाहेर येते. तो ओला चिखल तिच्या पाठीवर हळूहळू वाळत राहतो, आणि साध्या पाण्यापेक्षा जास्त वेळ वाळत राहतो.